बुरशीचा एक धागा

जपानी लोक जुना कॅमेरा विकायला काढतात तेव्हा 'जंक' हा शब्द फार मोकळेपणानं वापरतात. तिथल्या याहू ऑक्शनवर असंख्य कॅमेरे या एका शब्दाखाली पडून असतात. हार्ड ऑफ नावाची सेकंडहँड दुकानांची साखळी आहे, तिथे जंकचा वेगळा कोपराच असतो. अर्थ सरळ आहे: चालेल याची खात्री देत नाही, परत घेणार नाही, तुमच्या जोखमीवर न्या. गंमत म्हणजे त्या ढिगातला एखादा कॅमेरा घरी नेऊन सेल टाकला की बिनतक्रार चालायला लागतो. विकणाऱ्यानं तो तपासलेला नसतो, एवढंच. तपासला नाही म्हणून चांगला म्हणायचा नाही, असा तो हिशेब.

तोच कॅमेरा ईबेवर आला की भाषा बदलते. 'नियर मिंट', 'टॉप मिंट', 'एक्सलंट' आणि त्यापुढे अधिकची पाच चिन्हं. मिंट म्हणजे टाकसाळ. आत्ताच ठोकून निघालेल्या नाण्यासारखा कोरा माल. पन्नास-पंचावन्न वर्षं कुणाच्या तरी गळ्यात लटकलेला कॅमेरा टाकसाळीतून कसा निघेल? पण सगळ्यांनीच मिंट म्हणायला सुरुवात केली की प्रामाणिक माणसालाही म्हणावं लागतं, नाहीतर त्याचा माल दिसतच नाही. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात सगळेच 'निर्व्यसनी, सुस्वभावी' असतात, तसं. शीर्षक वाचून कुणी निर्णय घेत नाही. खाली स्क्रोल करायचं असतं.

आणि खाली स्क्रोल केल्यावर जे सापडतं, त्यावर हा लेख आहे.

मी तेल्हाऱ्यात राहतो. लग्नसराईत डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढून पोट भरतो आणि त्यातले उरलेले पैसे फिल्मवर घालवतो. एक रोल, तो धुणं, स्कॅन आणि कुरियर मिळून छत्तीस फोटोंना दीड-दोन हजार सहज जातात. रोल मुंबईला पाठवतो, आठ-दहा दिवसांनी ईमेलवर फोटो येतात. आईचं म्हणणं असं, की "एवढ्या पैशात तं पोतंभर खत येते." तिचं बरोबर आहे आणि मी त्यावर कधी वाद घालत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी जपानमधल्या एका विक्रेत्याकडून मिनोल्टा एसआरटी-१०१ घेतला. १९६६ साली बाजारात आलेलं हे मॉडेल, पूर्ण यांत्रिक, वजनाला दगड. शीर्षकात नेहमीसारखं 'नियर मिंट' होतं. खाली मात्र त्या माणसानं जे लिहिलं होतं ते मी चार वेळा वाचलं. व्ह्यूफाइंडरमध्ये धुळीचे तीन कण. एक सेकंदाचं शटर थोडं रेंगाळतं. मागच्या दाराचा फोम कुजून चिकट झालाय, बदलावा लागेल. मीटर हलतो, पण तो अचूक आहे की नाही हे आम्ही तपासलेलं नाही. आणि लेन्सच्या आत, अगदी कडेला, बुरशीचा एक धागा. त्याचा वेगळा फोटो, खालून टॉर्च मारून काढलेला.

तो धागा मला कधीच दिसला नसता. लेन्स समोरून पाहिली तर दिसत नाही, फोटोत उतरत नाही. कॅमेरा हातात आल्यावर मी मोबाइलचा टॉर्च लावून शोधला तेव्हा कुठे सापडला, केसाच्या तुकड्याएवढा. सुमारे सहा हजार किलोमीटरवरचा माणूस, ज्याला माझं नाव नीट उच्चारताही येणार नाही, त्यानं मला न दिसणारी गोष्ट मुद्दाम प्रकाश टाकून दाखवली होती.

यात त्याचा फायदा आहे, हे मला कळतं. परत आलेलं पार्सल त्याला महागात पडतं आणि एक लाल शेरा शंभर हिरव्या शेऱ्यांना खातो. कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ च्या एका पुस्तकात दुकानदाराचं उदाहरण दिलंय: लहान पोर आलं तरी तो जास्त पैसे घेत नाही, कारण दुकानाचं नाव टिकवायचं असतं. कांटच्या मते हे वागणं बरोबर आहे, पण त्यात नैतिक असं काही नाही. ठीक. मला कांटइतकं सोवळं पाळणं परवडत नाही. माझ्या हातात बरोबर वर्णनाचा कॅमेरा आला, मनातल्या हेतूची पावती मी मागितली नाही.

एक गोष्ट मात्र त्या हिशेबात बसत नाही. परदेशातून माल येताना पार्सलवर किंमत लिहावी लागते आणि त्यावर इथे कस्टम ड्युटी, वर आयजीएसटी लागतो. म्हणून आपल्याकडचे कितीतरी लोक विक्रेत्याला मेसेज टाकतात: किंमत कमी लिहा ना, 'गिफ्ट' लिहा ना. जवळजवळ प्रत्येक जपानी विक्रेत्याच्या पानावर खाली एक ठरलेलं वाक्य असतं, की आम्ही किंमत कमी दाखवत नाही आणि वस्तू भेट म्हणून पाठवत नाही. इथे खोटं बोलल्यानं गिऱ्हाईक खूश होणार असतं आणि शेरा हिरवाच मिळणार असतो. तरी नाही म्हणतात. (तसंही भारतानं डिसेंबर २०१९ मध्ये पोस्टानं येणाऱ्या 'गिफ्ट'चा रस्ता बंद केला, त्यातून सुटल्या त्या जीव वाचवणारी औषधं आणि राखी. एवढ्या जड धातूला राखी म्हणणं कुणालाही अवघड जाईल.)

तर प्रश्न हा, की वस्तू विकताना किंवा घेताना, समोरच्याला माहीत नसलेलं किती सांगायचं?

हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. आज मी परदेशातून माल मागवतो, पण दीडशे वर्षांपूर्वी आम्ही विकणारे होतो आणि घेणारा समुद्रापार होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' नावानं ओळखला जायचा. उमरा म्हणजे उमरावती, म्हणजे अमरावती. ज्या माणसानं अमरावती कधी पाहिली नाही, तो त्या नावावर विश्वास ठेवून गाठी विकत घ्यायचा. 'नियर मिंट'सारखाच तो एक शब्द होता, ज्याच्या आत काय आहे ते गाठ फोडल्यावरच कळणार. आणि भाव चढले तेव्हा व्हायचं ते झालं. कापूस ओला करून वजन वाढवणं, सरकी आणि कचरा मिसळणं. तक्रारी एवढ्या वाढल्या की मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती साहेबाची गोष्ट होते. दुसरी बाजू अशी, की शेतकऱ्याला लिव्हरपूलचा भाव माहीत नव्हता. तारेनं आलेला भाव मुंबईच्या पेढीला कळायचा, तिथून खामगाव-अकोल्याच्या व्यापाऱ्याला, आणि बैलगाडीवर बसलेल्या माणसापर्यंत येईतो त्याचा कापूस विकून झालेला असायचा. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. बैल सगळ्यांसमोर उभा, त्याचे दात मोजून घ्या, चालवून बघा. झाकायचा तो फक्त आकडा. माझे बाबा बत्तीस वर्षं एका अडत्याकडे मुनीम होते. ते म्हणतात, मुनीमाला लिहिता-वाचता नंतर यावं, आधी गप्प बसता यावं.

१८८६ साली कारंज्याला, म्हणजे आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा लाडला, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार भरला. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला: दलालांना परवाने, मापाऱ्यांना परवाने, बाजारावर देखरेखीला समिती. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ही दोन सालं पाठ असतात, एक मार्काचा प्रश्न म्हणून. मला ती वेगळ्या कारणानं लक्षात राहिली. १८६३ चा कायदा घेणाऱ्यासाठी होता, मालात काय आहे ते त्याला कळावं म्हणून. विकणाऱ्यापासून काय लपवलं जातंय याकडे बघायला आणखी चौतीस वर्षं लागली.

हे सगळं मला कॅमेरे घेताना सुचलं असतं असं नाही. सुचलं ते गेल्या दिवाळीनंतर, गावातल्या एका स्टुडिओत.

आमच्या लहानपणी तेल्हाऱ्यात पासपोर्ट फोटो काढायला ज्यांच्याकडे जायचो, ते काका. नाव लिहीत नाही, गावात सगळे ओळखतील. दहावीच्या फॉर्मवरचा माझा फोटो त्यांनीच काढला होता, हनुवटी बोटानं वर करून. स्टुडिओ आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मुलगा पुण्यात, ते दुकान आवरायला निघालेले. कपाटातून त्यांनी एक चामड्याची पेटी काढली. आत यशिका मॅट-१२४जी. वरून खाली बघायचा, दोन डोळ्यांचा, एकशेवीसच्या रोलवर चौकोनी फोटो काढणारा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं हे मॉडेल, आणि ऐंशीच्या दशकात आपल्याकडची कितीतरी लग्नं असल्याच कॅमेऱ्यांनी काढली.

"घेतो का? पाचशे दे न् घेऊन जाय."

मी पेटी हातात धरून उभा. जपानी विक्रेत्यांकडे चालू स्थितीतला हाच कॅमेरा वीस हजारांच्या वरच दिसतो, बरेचदा तीसच्या आसपास. काकांना ते माहीत नाही. मला माहीत आहे.

इथे जरा थांबून दोन हजार वर्षं मागं जाऊ या, कारण नेमका हाच तिढा सिसेरोनं इसवीसनपूर्व ४४ मध्ये लिहून ठेवलाय. अथेन्सला शिकायला असलेल्या मुलाला उद्देशून त्यानं कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय, धान्याचे भाव गगनाला भिडलेत. हा माणूस अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी बरीच जहाजं येताहेत हे त्यानं वाटेत पाहिलंय. त्यानं हे बेटावरच्या लोकांना सांगावं का? सांगितलं तर भाव पडेल.

सिसेरो दोन तत्त्वज्ञांना भांडायला लावतो. एक बॅबिलोनचा डायोजेनिस (पिंपात राहणारा तो वेगळा). तो म्हणतो, मालातली खोट कायद्यानं सांगावी लागते तेवढी सांगा, बाकी गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे. मी माझा माल आणलाय, इतरांपेक्षा महाग विकत नाही, कुणाचं काय वाईट केलं? दुसरा त्याचाच शिष्य अँटिपेटर. तो म्हणतो, घेणाऱ्याला कळलं तर फरक पडेल असं काहीही तुमच्याकडे असेल तर सांगायलाच हवं, कारण तुम्ही दोघं एकाच समाजातले. मग सिसेरो घराचं उदाहरण घेतो: घर विकायला काढलंय, लाकूड कुजलंय, खोल्याखोल्यांत साप निघतात, आणि हे मालकाशिवाय कुणालाच ठाऊक नाही. सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूनं कौल देतो.

त्याच ग्रंथात पुढे एक छोटी गोष्ट आहे, ती मला जास्त आवडते. स्केव्होला नावाच्या गृहस्थाला जमीन घ्यायची होती. त्यानं मालकाला एकच किंमत सांगायला लावली. मालकानं सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते ही जमीन याहून जास्तीची आहे, आणि एक लाख सेस्टर्स वर मोजले. लोक म्हणाले, भला माणूस आहे, पण शहाणा नाही. तेल्हाऱ्याच्या चौकातही हेच म्हणतील.

आपला कायदा डायोजेनिसच्या जवळ आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १७. नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही, असं तो म्हणतो, आणि उदाहरणं देतो. एकानं दुसऱ्याला लिलावात घोडा विकला, घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून बोलला नाही: फसवणूक नाही. दोघे व्यापारी आहेत, एकाला भाव बदलल्याची आतली खबर आहे: सांगायला तो बांधील नाही. अमेरिकेतही १८१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं असंच म्हटलं. न्यू ऑर्लिअन्सला एकाला युद्ध संपल्याची बातमी आधी कळली, त्यानं ती न सांगता तंबाखू घेऊन टाकला आणि भाव चढले.

पण करार कायद्याच्या त्या कलमात एक उदाहरण वेगळं आहे. घोडा तोच. फक्त घेणारी विकणाऱ्याची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. तर मात्र, कायदा म्हणतो, नात्यामुळे बापानं तिला सांगायला हवं.

मला हे वाचून पहिल्यांदा हसू आलं होतं. मग ते डोक्यात राहिलं. म्हणजे सांगायचं की नाही हे घोड्यावर नाही, समोर कोण आहे यावर ठरतं. मुलगी असेल तर बोला, परका असेल तर गप्प बसलात तरी चालेल. आणि मी ज्या गावात राहतो तिथे परका माणूस शोधायचा कुठे? भाजीवाली मावशी आहे, एसटीचा कंडक्टर भाऊ आहे, स्टुडिओवाले काका आहेत. ज्याला 'काका' म्हणून हाक मारली त्याच्याशी घोड्याचा व्यवहार कुठल्या उदाहरणाखाली करायचा? उलट, ज्या जपानी माणसाशी माझं कसलंच नातं नाही, त्यानं मला मुलीच्या जागी धरून बुरशीचा धागा दाखवला होता.

डायोजेनिसची बाजू पोकळ नाही, हेही सांगायला हवं. खोट वस्तूच्या आत असते, भाव बाहेर असतो. बुरशी लपवणं आणि भाव न सांगणं यात फरक करायला जागा आहे. शिवाय मला जे माहीत आहे ते फुकट मिळालेलं नाही. तीन वर्षं रात्री-रात्री जागून मी कुठल्या मॉडेलचा कुठला भाग कधी बिघडतो ते शिकलो. मिनोल्टाला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, त्याऐवजी श्रवणयंत्राची बॅटरी रिंग घालून बसवता येते, हे शोधून मी अकोल्याच्या मेडिकल स्टोअरमधून ती आणली. या शिकण्याची मजुरी मला का मिळू नये?

मिळावी. माझं म्हणणं एवढंच आहे, की मजुरी बिलात लिहून घ्यावी. पाचशेला घेऊन गप्प बसलो असतो तर तीही मजुरीच होती, पण ती काकांच्या खिशातून त्यांच्या नकळत काढलेली. आणि भाव वस्तूच्या बाहेर असतो हे तत्त्व ज्या मुलखात शंभर वर्षं तारेच्या एका टोकाला पैसे आणि दुसऱ्या टोकाला कापूस होता, तिथे मला फारसं पटत नाही.

"काका, हे पाचशेचं नाही हो."

"मंग तीनशे दे."

त्यांना वाटलं मी भाव पाडतोय. मी मोबाइल काढला, जपानी विक्रेत्याचं पान उघडून समोर धरलं. त्यांनी चष्मा लावला, शून्यं मोजली.

"हे रुपये हायत का?"

"हो."

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या साली दोन दिले भंगारात. किलोवर."

याची मी तयारी केली नव्हती. सांगण्याच्या बाजूनं बोलणारे हे धरत नाहीत, की खरं कळल्यावर माणसाला फक्त पुढचा भाव कळत नाही, मागचं नुकसानही कळतं. अँटिपेटरनं जहाजांची बातमी दिली असती तर ज्यानं काल दुप्पट भावानं धान्य घेतलं तो रात्री झोपला नसता. काका त्या दिवशी दुपारभर त्या दोन कॅमेऱ्यांबद्दलच बोलत होते. एक यशिका-डी होता. भंगारवाल्यानं तो हातोडीनं फोडून काचा आणि लोखंड वेगळं केलं, त्यांच्यासमोर.

आणि मी अर्धंच सांगितलं होतं. तीस हजार हा आकडा जपानमधल्या तपासलेल्या, पुसलेल्या, टॉर्च मारून पंधरा फोटो काढलेल्या, परत घेण्याची हमी दिलेल्या कॅमेऱ्याचा. काकांच्या कॅमेऱ्याचा नाही. त्या तिसातले बरेचसे पैसे लोखंडाचे आणि काचेचे नसतातच, ते त्या वर्णनाचे असतात. वर्णन पुसून टाका, तोच कॅमेरा जंकच्या ढिगात जातो आणि किंमत कुठल्या कुठे घसरते. हे काकांना सांगायचं म्हणजे आत्ताच चढवलेला भाव उतरवायचा, आणि ऐकणाऱ्याला तो मतलबीपणाच वाटणार. वाटलाच.

"तू भाव चढवून रायला का पाडून रायला? एक काहीतरी ठरव नं."

मग आम्ही काउंटरवर वर्तमानपत्र अंथरून कॅमेरा उघडला. खालची लेन्स, जिच्यातून फोटो निघतो ती, स्वच्छ. वरच्या, बघायच्या लेन्सला बुरशी, धागा नव्हे, चांगलं जाळं. मीटर मेलेला. एक सेकंदाचं शटर उघडलं की मिटायचं नाव घेत नव्हतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तेल पातळ होऊन पात्यांवर उतरतं, मग चिकटतं. मी एकेक सांगत गेलो, काकांनी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. पाच ओळी झाल्या. सहावी त्यांनी स्वतःहून लिहिली.

"एक सांगतो. हे एका लग्नात पडलं होतं. तवापासून मधीमधी फ्रेमवर फ्रेम चढते. तुले समजलं नसतं, रोल धुतल्याबिगर."

खरंच समजलं नसतं. दुरुस्तीला सगळ्यात महाग हीच गोष्ट पडणार होती आणि ती ओळ लिहिल्यानं त्यांचाच भाव उतरत होता. कांटनं काय म्हटलं असतं ठाऊक नाही. त्यांना पुढच्या गिऱ्हाइकाची काळजी नव्हती, दुकान तर बंदच व्हायचं होतं.

कागदावर आम्ही वजाबाकी केली. मुंबईचा दुरुस्तीवाला, जाण्या-येण्याचं पार्सल, माझी मेहनत म्हणून मी दोन हजार लिहिले. काकांनी ते खोडून दीड हजार केले. घासाघीस इथेच काय ती झाली. नऊ हजारांवर आलो. तेवढे माझ्याकडे नव्हते, म्हणून दोन हप्ते ठरले, दुसरा मे मधल्या लग्नांनंतर. बाबांना घरी सांगितलं तर ते पहिल्यांदा काहीच बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "अडत्याच्या घरी जन्मला असता तं उपाशी मेला असता." मग थोड्या वेळानं, कागद दाखव म्हणाले. हिशेबाची बेरीज त्यांनी दोनदा तपासली, मुनीमाची सवय.

कॅमेरा मुंबईहून दुरुस्त होऊन आला. मागच्या महिन्यात काकांच्या पुण्यातल्या मुलाचा फोन आला, त्यांच्याच मोबाइलवर, मी दुकानात फॉर्म भरायला बसलो असताना. त्यानं ऑनलाइन कुठेतरी पाहिलं होतं, की मॅट-१२४जी तीस-पस्तीस हजारांना जातो, आणि आपल्या बापाला गावातल्या कुणीतरी नऊ हजारांत गुंडाळलं. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. काका हो हो करत राहिले, मग फोन माझ्याकडे दिला.

"घे. तूच सांग त्याले."

पाठकोरा कागद काकांनी अजून काउंटरच्या काचेखाली ठेवलेला आहे. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. वरच्या लेन्सला बुरशी.